नव्या लॅपटॉपची भुणभुण आणि आजोबांच्या कॅसेट : कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार (दसरा)

जुन्या लॅपटॉपने गणपतीतच मान टाकली होती. आज मुहूर्तावर नवा आला. हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं, सगळं यथासांग झालं आणि संध्याकाळी लगेच त्याला कामाला जुंपलं.

काम म्हणजे आजोबांच्या कीर्तनांच्या कॅसेट संगणकात उतरवणं. एकूण ६३ कॅसेट, त्यातल्या २५ जुन्या लॅपटॉपवर उरकल्या होत्या, ३८ बाकी. जोडणी साधी आहे. डेक अँप्लिफायरला, अँप्लिफायरच्या मागच्या 'रेक आउट'मधून (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणारं भोक) तार इंटरफेसला (आवाजाचे आकडे करून संगणकाला देणारी डबी) आणि इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला. जुन्या लॅपटॉपला लाइन-इनचं भोक होतं, त्यामुळे इंटरफेस लागत नव्हता. नव्याला भोकंच मोजून दोन-तीन, म्हणून इंटरफेस आणला.

पहिली कॅसेट लावण्याआधी सवयीने डेक थांबवून नुसती शांतता रेकॉर्ड केली. शांतता कसली! घूंऽऽ असा जाड आवाज, त्यावर बारीक 'कीं', आणि माउस हलवला की पोटात गुडगुडल्यासारखं काहीतरी. पान वरखाली केलं की गुडगुड वाढते, हात थांबला की थांबते. म्हणजे लॅपटॉपच्या पोटातलं काम मला अक्षरशः ऐकू येतंय.

मोजलं. जुन्या लॅपटॉपवर हीच शांतता उणे ७१ डेसिबलवर असायची (नोंदवहीत आहे; उणे आकडा जितका मोठा तितकी शांतता जास्त). आज उणे ४८. कॅसेटची स्वतःची हिस साधारण उणे ५०ला असते, म्हणजे घोंगाट हिसच्या बरोबरीला आला. हिस कानाला पावसासारखी वाटते, पाच मिनिटांत विसरतो. ही भुणभुण विसरता येत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसातून आल्यावर दोन तास. तारा बदलल्या, दुसऱ्या यूएसबी भोकात लावून पाहिलं, इंटरफेसचा ड्रायव्हर नवा टाकला. फरक शून्य.

मग चार्जरची पिन उपटली. घूं बंद, कीं बंद, गुडगुड बंद. उणे ७२.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मग चार्जर काढूनच करा की." मी म्हटलं, तसं नसतं ते. ती म्हणाली, "कसं असतं मग?" याचं उत्तर आज तरी माझ्याकडे नाही. पण जुना लॅपटॉप तीन वर्षं चार्जरवर चालला आणि कधी हूं की चूं केलं नाही. ते का, हे कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख. ५० हर्ट्झवर उंच सुळका, मग १००, १५०, २५०… शिडीसारखे. ही घरातली वीज. उजवीकडे ८००० हर्ट्झवर एक एकटी सुई. तो 'कीं'. हायस्पीड यूएसबी दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक ठोका टाकते, म्हणजे सेकंदाला ८०००. तबलजीने लय सोडली नाही तर जसं होईल तसा तो ठोका इंटरफेसच्या पुरवठ्यातून आवाजात झिरपतोय. दोन आवाज दिसतायत ते एकाच वाटेने येतायत असा आता संशय आहे, कारण चार्जर काढला की दोन्ही एकदम जातात.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळच्या लोकलने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. चार फेराइटचे मणी आणले, ते तारेवर चाप्यासारखे बसतात. दुकानदार म्हणाला, "नॉइज? हे लावा, बिनधास्त." दोन यूएसबीच्या तारेवर, दोन चार्जरच्या तारेवर लावले.

उणे ४८. जैसे थे.

खरं तर जाण्याआधी मीच विचार करायला हवा होता. फेराइट मेगाहर्ट्झमध्ये अडवतो. ५० हर्ट्झला तो मणी म्हणजे गळ्यातला दागिना. रेडिओत खरखर येत असती तर कामाला आला असता. प्रवास फुकट गेला असंही नाही, तिथे वडापाव खाल्ला.

५ ऑक्टोबर, रविवार

मोबाइलचा दोन पिनांचा, ६५ वॅटचा चार्जर लावून पाहिला. ५० हर्ट्झचा सुळका बराच खाली बसला, उणे ६३. आनंद पाच मिनिटं टिकला. कारण इंटरफेसची तार काढून ठेवल्यावर लॅपटॉपच्या अॅल्युमिनियमवरून बोटांची मागची बाजू फिरवली, तर पत्रा खरखरीत लागला. बोट सरकवलं की थरथर, एका जागी ठेवलं की काही नाही. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना कळेल. बाकीच्यांना वाटेल पॉलिशच तसं आहे.

मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक लॅपटॉपच्या स्क्रूला, दुसरं अँप्लिफायरच्या पत्र्याला (तो अर्थ केलेला आहे). ९४ व्होल्ट. ही घाबरली. घाबरण्यासारखा आकडा आहेच, पण त्यामागे जोर नाही. मीटरच्या दोन टोकांमध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टर आडवा धरला, ९४ कोसळून ७ वर आला. म्हणजे ०.०७ मिलिअँपिअर.

हा करंट येतो कुठून? दोन पिनांच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा निळा कपॅसिटर मुद्दाम बसवतात, वाय कपॅसिटर. चार्जरच्या आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. त्याचा कचरा परत आपल्या जागी जावा म्हणून ही वाट. त्याच वाटेने ५० हर्ट्झही चोरपावलांनी येतो. २.२ नॅनोफॅरड आणि पूर्ण २३० व्होल्ट धरले तरी ०.१६ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि अशा उपकरणांसाठी मर्यादा ०.२५ची आहे. जीवाला धोका नाही. पण दिवसभर हात झिणझिणत ठेवून ध्रुवाख्यान ऐकायची माझी तयारी नाही. दोन पिना बाद.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज उलगडलं. जरा सविस्तर लिहितो, पुन्हा विसरायला नको.

नव्या लॅपटॉपबरोबर नवीन स्पाइकगार्डही आणला होता. जुना एक्स्टेन्शन बोर्ड पिवळा पडला होता, तो बाल्कनीत फेकला. दोष लॅपटॉपचाच धरून चाललो होतो. पण दसऱ्याला मी एक नाही, दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि दुसरीकडे माझं लक्षच नव्हतं.

स्पाइकगार्डवर मोजलं: फेज ते न्यूट्रल २३४, फेज ते अर्थ २३३, न्यूट्रल ते अर्थ १.२. शहाण्या घरातले आकडे. मग बाल्कनीतून जुना बोर्ड आणून त्याच सॉकेटला लावला. फेज ते न्यूट्रल २३४. फेज ते अर्थ ६१, हात हलवला की ५४, मीटर खाली ठेवला की ७०. हे हवेतले आकडे. तार कुठेच जोडलेली नसली की असं होतं.

पिन काढून बोर्ड उघडला. अर्थची हिरवी तार आत आली होती, तिचं टोक सोललेलंही होतं, आणि ते स्क्रूच्या शेजारी वळून मोकळं पडलं होतं. तुटलेली नाही, निसटलेली नाही. कोणी स्क्रूखाली घातलीच नव्हती. तीन वर्षं आम्ही तीन पिनांच्या बोर्डावर दोन पिनांचं आयुष्य काढत होतो. जुन्या लॅपटॉपच्या शांततेचं श्रेय त्या मोकळ्या तारेला.

आता चित्र जुळतं. अँप्लिफायर तीन पिनांचा, टीव्हीच्या सॉकेटवर. त्याचा पत्रा अर्थला. नव्या लॅपटॉपचा मूळ चार्जर तीन पिनांचा, टेबलाच्या सॉकेटवर. चार्जर विजेपासून काढून त्याची मोठी पिन आणि लॅपटॉपकडच्या टोकाचं धातूचं कवच यांच्यामध्ये मीटर लावला: ०.४ ओहम. म्हणजे लॅपटॉपचं ग्राउंड थेट भिंतीतल्या अर्थला. आणि या दोघांना जोडणारी माझी ऑडिओची तार, जिचं बाहेरचं जाळीदार वेष्टण हेही ग्राउंडच. अँप्लिफायर, तार, इंटरफेस, लॅपटॉप, चार्जर, भिंत, खालची मीटरची पेटी, पुन्हा भिंत, अँप्लिफायर. प्रदक्षिणा पूर्ण. घरातल्या सगळ्या विजेचं चुंबकीय क्षेत्र या एवढ्या मोठ्या वेढ्यातून जातं आणि त्यात करंट फिरवतं. तो करंट माझ्या तारेच्या जाळीतून जातो. त्या जाळीवर जो इवलासा व्होल्टेज पडतो तो आवाजात मिळतो, कारण साध्या आरसीए तारेत जाळी हीच आवाजाची परतीची वाट असते.

आणि गुडगुड? लॅपटॉपचा प्रोसेसर काम करतो तसा चार्जरकडून करंट ओढतो. तो परत जाताना सरळ चार्जरच्या तारेने जावा, पण आता त्याला दुसरी वाट मिळाली आहे, यूएसबी, जाळी, अँप्लिफायर, भिंत. थोडा तिकडून जातो. म्हणून माउस ऐकू येतो.

चार्जर उपटला की वेढा तुटतो. जुन्या बोर्डावर तो आधीपासूनच तुटलेला होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

साहजिकच मोह झाला. जुना बोर्ड परत लावायचा किंवा चार्जरची अर्थची पिन टेप गुंडाळून बाद करायची. गाण्यातल्या मंडळींच्या घरी असे टेप गुंडाळलेले प्लग मी पाहिलेत.

नाही करणार. अर्थ हा आवाजासाठी नसतो. अँप्लिफायरच्या आत फेज पत्र्याला टेकला तर फ्यूज उडवायला तो असतो. आवाज तोडायचा असेल तर आवाजाच्या तारेत तोडायचा, विजेच्या तारेत नाही.

जुन्या बोर्डाची हिरवी तार स्क्रूखाली घातली, घट्ट केला आणि त्यावर मार्करने तारीख लिहिली. आता तो बाल्कनीतल्या मिक्सरच्या कामाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

सोसायटीचा वायरमन आला होता पाण्याच्या पंपासाठी, त्याला आपल्या मजल्याचं अर्थिंग दाखवायला लावलं. इमारत १९९४ची. खाली कोपऱ्यात कोळसा-मीठ घातलेला खड्डा आहे, त्यावर सिमेंटचं झाकण, झाकणावर कुणाची तरी तुळशीची कुंडी. म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात यात दोन बादल्या पाणी ओतायला पाहिजे, कोण ओततो?" मी म्हटलं, "कुंडीला घालतात ते पाणी जातं की." हसला. त्याच्याकडच्या मीटरवर ३.१ ओहम आलं. चांगलंय म्हणाला. तुळशीची कृपा.

संध्याकाळी फुकटातला उपाय केला. टीव्हीच्या सॉकेटवरून अँप्लिफायर काढून तोही टेबलाच्या स्पाइकगार्डवर लावला. आता दोघांचा अर्थ वीतभर अंतरावर एकत्र येतो आणि वेढा दिवाणखान्याएवढा न राहता ताटाएवढा झाला. उणे ४८ वरून उणे ६१. एक रुपया खर्च नाही. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर लॅमिंग्टन रोडचा वडापाव हुकला असता.

माउसची गुडगुड मात्र अजून आहे, दबकी. साहजिक आहे, वेढा लहान झाला, तुटला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मधल्या वारी मागवलेला आयसोलेटर आला, गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावतात तो काळा ठोकळा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकाने जातो, तारेने तारेला शिवत नाही. ग्राउंड तुटतं, आवाज पोचतो.

घोंगाट गेला, गुडगुड गेली. आणि तबल्याचा डग्गाही गेला! घुमारा नाही, नुसता ठक. आवाज वाढवला की डग्ग्याच्या घावाबरोबर पेटीही चिरकते. ठोकळा उघडला तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा लोखंडात खालच्या सुरांचं चुंबकत्व मावत नाही, ते भरून जातं आणि आवाजाचे डोके कापले जातात. गाडीत हॉर्नच्या गोंगाटात चालून जात असेल. परत पाठवला.

यूएसबीच्या वाटेतच तोडायचं असाही एक मार्ग आहे. मित्राकडचा छोटा यूएसबी आयसोलेटर आणून लावला. तो १२ मेगाबिटचाच निघाला, माझा इंटरफेस त्याच्यातून ओळखलाच गेला नाही. वेगवान मिळतात, पण किंमत पाहून पुन्हा ट्रान्सफॉर्मरकडे वळलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

६०० ओहमचे दोन जरा धडधाकट ट्रान्सफॉर्मर मिळाले, प्रत्येकी अक्रोडाएवढे. पेढ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसवले, चार आरसीए सॉकेट, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जाळ्या एकमेकींना शिवणार नाहीत याची काळजी घेतली. डबा फक्त अँप्लिफायरकडच्या जाळीला जोडला.

लावला आणि पुन्हा घूं! हातातलं सोल्डरिंगचं सगळं सामान आपटावंसं वाटलं. मग लक्षात आलं, डबा अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता, खाली त्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर. हेडफोन लावून डबा हळूहळू फिरवला. घूं बारीक होत होत एका जागी जवळपास विझला, आणखी फिरवला की परत वर. गाभे एकमेकांना काटकोनात आले की थोरल्याचं क्षेत्र धाकट्यात शिरत नाही. सरळ अडीच फूट लांब खिडकीत ठेवला, कोन बिन सगळं मिटलं.

चार्जर चालू, अर्थ जागेवर, माउस फिरवतोय: उणे ७१. डग्गा घुमतोय. ८००० हर्ट्झची सुई कुठल्या कुठे. हिला बोलावून ऐकवलं. हेडफोन कानाला लावून म्हणाली, "काहीच ऐकू येत नाही." हेच तर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कॅसेट क्रमांक २६. पाठीवर आजोबांच्या अक्षरात 'रामनवमी उत्सव १९८७, ध्रुवाख्यान'. सी-९०, एका बाजूला ४५ मिनिटं. चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या देवळात रात्री साडेनऊला सुरू झालेलं कीर्तन, पेटीवर काका, समोर टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) ठेवलेला, त्याची वायर सभामंडपाच्या खांबावरच्या सॉकेटला.

पहिल्या नमनालाच घूं ऐकू आला.

पाच मिनिटं मी नुसता बसून होतो. मग डेक थांबवला, घूं थांबला. चालू केला, घूं आला. चार्जर काढला तरी आहे. म्हणजे हा इथला नाही, फितीवरचा आहे. १९८७ सालचा घूं.

स्पेक्ट्रममध्ये पक्का पुरावा मिळाला. साध्या मापाने सुळके जाड येतात म्हणून तुकडा ८००० सँपल रेटवर (सेकंदाला ८००० नमुने) आणून एका वेळी जास्त लांबीचा भाग घेऊन मोजला. त्याने सुई बारीक होते. इथल्या विजेचं १०० वर काही नाही. सुई आहे ती १०२.८ वर. टू-इन-वनच्या आतला पुरवठा विजेच्या दोन्ही लाटा सरळ करतो म्हणून घोंगाट दुप्पट, १०० चा. तो आज १०२.८ दिसतोय. निम्मे करा, ५१.४.

सोपा निष्कर्ष: फीत आज २.८ टक्के जोरात फिरतेय. म्हणजे घोंगाट हाच वेगाचा काटा! मूळ ५० होता, आज ५१.४ दिसतोय, त्या प्रमाणात वेग कमी केला की आजोबा आपल्या पट्टीत. इतके दिवस ज्याच्या मागे लागलो तोच कामाला आला म्हणून मी खूश.

झोपताना शंका आली. १९८७ मध्ये रात्री साडेनऊला आमच्या गावात ५० हर्ट्झ होते हे मला कोणी सांगितलं?

१८ ऑक्टोबर, शनिवार (धनत्रयोदशी)

खिडकीत आकाशकंदील आणि एलईडीच्या माळा लावल्या, माझ्या डब्यापासून वीतभरावर. लगेच नवी चरचर. ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हची मोकळी जागा लावून माळेजवळ नेला तर तो नुसता ओरडला. लॅपटॉपच्या चार्जरपेक्षा माळेचा तो ठिपक्याएवढा कंट्रोलर दसपट घाणेरडा. आठवडाभर माळ दुसऱ्या खिडकीत. फेराइटचा एक मणी माळेच्या तारेवर लावला, चरचर बरीच कमी झाली. चार मण्यांपैकी एक तरी सार्थकी लागला.

शंकेचं उत्तर हवं तसं नाही आलं. त्या काळात ग्रिड, म्हणजे सगळ्या वीजघरांचं एकत्र जोडलेलं जाळं, ५० वर बसून नसायचं. मागणी जास्त, वीज कमी. सगळी जनित्रं ओझ्याखाली मंदावायची आणि आकडा ४९च्या आसपास, कधी त्याच्याही खाली. मध्यरात्रीनंतर मागणी ओसरली की उलटा वर. २००२ मध्ये पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सीशी दर जोडण्याची पद्धत आली तेव्हा कुठे शिस्त लागली. आज ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवतात, त्यामुळे आजच्या रेकॉर्डिंगला घोंगाट हा काटा चालतो. १९८७ला नाही. आमच्या गावाहून पोफळीचं वीजघर काही फार लांब नाही, कोयनेची वीज मनोऱ्यांवरून सरळ पुढे जायची, आणि उत्सवात खांबावरचा बल्ब लालसर व्हायचा, हे मलाही आठवतं.

म्हणजे दोन अज्ञातं, फितीचा वेग आणि त्या रात्रीचं ग्रिड, आणि समीकरण एकच. दुसरं समीकरण कुठून आणायचं?

बाबांना फोनवर ऐकवलं. ऐकत राहिले, मग म्हणाले, "अरे, अण्णा इतक्या वर गात नसत. काळी एकच्या पुढे कधी गेले नाहीत."

पेटी! पेटी अजून गावच्या घरात आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार (पाडवा), गावी

काल लक्ष्मीपूजन झाल्यावर काकांकडे विषय काढला. आज सकाळी त्यांनी माळ्यावरून पेटी खाली घेतली, धुणं झटकावं तशी झटकली. मी आधी एकच विचारलं, "काका, हिचे सूर कधी लावून घेतलेत का?" म्हणाले, "भात्याला ठिगळ मारलंय दोनदा. सुरांना हात नाही लावू दिला कुणाला."

मोबाइल फूटभरावर ठेवला. काळी एक, एकच सूर, वीस सेकंद, भाता सारख्या दाबाने. दाब वाढला की सूर जरासा हलतो, म्हणून पाच वेळा घेतलं. शेवटी काकांनी मला बाजूला केलं, "तुझ्या हाताला श्वास नाही," आणि स्वतः भाता धरला. त्यांचे पाचही एकसारखे आले: २७८ हर्ट्झ. पुस्तकी काळी एक २७७ला असते, म्हणजे पेटी जवळपास जागेवर.

फितीवर तीच पेटी, तोच षड्ज: २९०.५. पांढरी दोनच्या जरा खाली. बाबांचा कान बरोबर.

२६ ऑक्टोबर, रविवार, डोंबिवली

२९०.५ भागिले २७८, १.०४५. फीत २.८ नाही, साडेचार टक्के जोरात आहे. टू-इन-वनचा पट्टा तेव्हा सैल असणार आणि माझा डेक थोडा उतावळा, दोन्ही मिळून. डेकच्या मोटारीला मागे वेगाचा स्क्रू आहे, पण प्रत्येक कॅसेटला वेगळा फिरवत बसण्यापेक्षा उतरवून झाल्यावर वेग ०.९५७ने गुणलेला बरा.

गुणलं. आवाज खाली आला, जड झाला. नमनातला 'जय जय' म्हणताना शेवटी जो खर्ज लागायचा तो आतापर्यंत नव्हताच, तो आला. बाबा शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत. हेडफोन मला परत द्यायला मात्र बराच वेळ लावला.

आता दुसरं अज्ञात आपोआप सुटतं. ५१.४ भागिले १.०४५. पूर्वरंग चालू असताना ग्रिड ४९.२ हर्ट्झवर होतं.

ब बाजूही मोजली. पेटीचं गुणोत्तर तेच, १.०४५, म्हणजे फितीचा वेग हललेला नाही. पण घोंगाट हळूहळू चढत जातो. ध्रुवाला पद मिळतं आणि हेचि दानची चाल सुरू होते तिथे १०३.८ आहे. निम्मे, मग भागिले १.०४५: ४९.७. तेव्हा महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा एकाच विभागीय ग्रिडवर. दक्षिणेशी रायचूर-सोलापूर वीजवाहिनीने सांधा जुळला तो २०१३च्या ३१ डिसेंबरला. साडेनऊ ते अकरा. चारही ठिकाणी लोक दिवे घालवून झोपत होते आणि देवळात उत्तररंग चालला होता.

हा घोंगाट काढला नाही. मूळ फाइल तशीच ठेवली, ऐकायच्या प्रतीत थोडा दाबला.

कॅसेट २६ पूर्ण. वेग ०.९५७. उरल्या ३७. चार्जर चालू, डबा खिडकीत, माळ उद्या काढायची.